कमी पैशात समुद्री शेवाळाची छोटी टाकी: नवख्यांसाठी, पहिल्यापासून

खाऱ्या पाण्याचं अ‍ॅक्वेरियम म्हटलं की लोक आधी खिसा चाचपतात आणि त्यात चुकीचं काही नाही, कारण दुकानात जाऊन "मरीन टाकी करायचीय" म्हटलं की समोरचा प्रोटीन स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं मशीन), निळे लाइट, चिलर, लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले मेलेल्या प्रवाळाचे खडक) अशी यादी सुरू करतो आणि ऐकता ऐकता आकडा आपल्या महिन्याच्या पगाराच्या पुढे जातो. पण ही यादी प्रवाळ ठेवणाऱ्यांची आहे. प्रवाळाला पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट जवळपास नको असतं म्हणून ते काढायला मशिनं लागतात. शेवाळाला तेच तर खायला हवं असतं. शिवाय निळा लाइट नको, साधा पांढरा एलईडी चालतो. म्हणजे महागाच्या वस्तू निम्म्याहून जास्त यादीतून आपोआप गळतात. पैसा घालायचा तो दोनच ठिकाणी, चांगलं मीठ आणि खारटपणा मोजायचं साधन, बाकी सगळीकडे बिनधास्त कंजुषी करा.

समुद्री शेवाळ म्हणजे दगडावर पाय घसरवणारा हिरवा थर डोक्यात आणू नका. कॉलर्पा दिसायला फर्नसारखी असते, काही जातींना द्राक्षाच्या घोसासारखे मणी असतात, ग्रॅसिलारिया लालसर झुडपासारखी वाढते, चीटोमॉर्फा (सगळे चीटोच म्हणतात) म्हणजे हिरव्या नायलॉन दोऱ्याचा गुंता. नीट लावली तर टाकी बागेसारखी दिसते.

टाकी आणि जागा

दीड फूट बाय एक फूट बाय एक फूट. ही साइज कुठल्याही माशांच्या दुकानात तयार असते, ५ मिमी काचेची घ्या. पूर्ण भरली तर साधारण ४२ लिटर, पण वर दोन इंच मोकळं सोडून आणि दगड-रेती टाकून खरं पाणी ३५ लिटरच्या आसपास बसतं, पुढचे सगळे हिशोब मी ३५ लिटरनेच करतोय. याहून लहान घेऊ नका, पाच-दहा लिटरच्या बाऊलमध्ये एका दिवसाच्या बाष्पीभवनाने खारटपणा कुठल्या कुठे जातो. जुनी टाकी मिळाली तर अजून उत्तम, फक्त आधी कोणी त्यात माशांच्या आजाराला तांब्याचं औषध टाकलं होतं का ते विचारा, कारण तांबं सिलिकॉनमध्ये मुरतं आणि गोगलगायी, खेकडे आणि काही शेवाळांना ते विषच.

जागा सपाट, खाली थर्माकोलची शीट, टाकी भरल्यावर ४५ किलोच्या पुढे जाते म्हणून प्लास्टिकचा स्टूल वगैरे नको. खिडकीतलं थेट ऊनही नको, पाणी तापतं. प्लग बोर्ड टाकीपेक्षा वर लावा आणि प्रत्येक वायरला प्लगच्या आधी खाली झोळ द्या म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी तिथेच टपकेल, बोर्डात शिरणार नाही. खाऱ्या पाण्यातून वीज गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी सहज वाहते, इथे आळस करू नका.

तळ आणि दगड

लाइव्ह रॉक विसरा. आपल्याकडे खडक बांधणारी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा उचलून घरी आणायचा नाही. आणि गरजही नाही. आपला काळा दगड, बेसाल्ट, पाण्यात काही सोडत नाही, फुकट मिळतो आणि त्यावर हिरवं-लाल शेवाळ भारी उठून दिसतं. गंजाचे डाग किंवा चमकणारे धातूचे कण असलेला दगड बाजूला टाका. जांभा घेऊ नका, त्याची लाल माती सुटत राहते.

रेती किनाऱ्यावरून भरून आणू नका, सीआरझेडमध्ये (किनारा नियमन क्षेत्रात) वाळू उपशाला बंदी आहे. त्याऐवजी मार्बलवाल्याकडून किंवा नर्सरीतून पांढरी बारीक संगमरवरी खडी घ्या. दोन खड्यांवर लिंबू पिळा, फसफसली तर ती कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे आपल्या कामाची. पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत धुवायची (हे कंटाळवाणं आहे, पर्याय नाही) आणि इंचभर थर द्यायचा. अजून पैसे वाचवायचे असतील तर तळ मोकळा ठेवला तरी चालतो.

पाणी आणि मीठ, इथे मात्र लक्ष द्या

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: "खडे मीठ घातलं तर?" नाही चालत. आणि का नाही ते मिठागर पाहिलेल्या कुणालाही पटेल. समुद्राचं पाणी आगरात आटतं तेव्हा आधी चुना आणि जिप्सम खाली बसतं, मग मीठ धरतं, आणि मॅग्नेशियम-पोटॅशियम उरलेल्या कडवट पाण्यात राहतं, ते पाणी आगरवाले काढून टाकतात. म्हणजे तुमच्या हातात येतं ते जवळपास नुसतं सोडियम क्लोराइड. त्यात पाणी घालून समुद्र परत बनत नाही. आयोडीनयुक्त पुडीच्या मिठाचीही तीच गत.

म्हणून मरीन सॉल्ट मिक्सच घ्या. एका लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम लागतं, म्हणजे ३५ लिटरला सव्वा किलोच्या थोडं वर. दोन-तीन किलोचं पाकीट घ्या, पुढचे पाणी बदलही त्यातच निघतात. सुटं, परत पॅक केलेलं मीठ स्वस्त मिळतं पण दमट हवेत ते ओल धरतं, मग वजन चुकतं, सीलबंदच बरं.

गोडं पाणी आरओचं. घरच्या प्युरिफायरचं चालेल पण हल्ली "कॉपर आरओ" नावाचे जे प्युरिफायर आलेत, जे मुद्दाम पाण्यात तांबं सोडतात, त्यांचं अजिबात नको. वॉटर एटीएमचा २० लिटरचा जार दोनदा आणला की काम झालं. एसीतून टपकणारं पाणी शुद्ध असतं असं लोक सांगतात, पण ते कॉइलवरून येतं आणि कॉइल बऱ्याचदा तांब्याचं असतं. नकोच.

मीठ बादलीत मिसळा, टाकीत नाही (पहिल्यांदा टाकी रिकामी असताना चालून जाईल). पाण्यात मीठ टाकायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही, आणि पंप सोडून रात्रभर फिरू द्या. सकाळी मोजा. पाणी २५ अंशाच्या आसपास असताना विशिष्ट गुरुत्व (गोड्या पाण्याच्या मानाने किती जड) १.०२४ ते १.०२६ हवं.

मोजायला रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याच्या थेंबातून प्रकाश किती वाकतो त्यावरून खारटपणा दाखवतो) घेता आला तर घ्याच, नाहीतर काचेचा तरंगता हायड्रोमीटर. दोन्ही नवीन असले तरी डोळे मिटून विश्वास ठेवू नका. तपासायला सोपी युक्ती: किचनच्या डिजिटल काट्यावर ३७ ग्रॅम साधं मीठ मोजा, त्यात ९६३ ग्रॅम आरओ पाणी घाला, पूर्ण विरघळू द्या. या पाण्याला १.०२६ च्या जवळ रीडिंग यायला हवं. ०.००२-०.००३ इकडे-तिकडे दाखवलं तर तेवढा फरक साधनावर मार्करने लिहून ठेवा. याच कामापुरतं खायचं मीठ घरात उपयोगी.

कोकणात राहणारे किंवा जाऊन येऊन असणारे समुद्राचंच पाणी आणू शकतात, मुंबईच्या चौपाट्यांचं मात्र नको, सांडपाणी. खाडीच्या तोंडाजवळचं नको, जेट्टीजवळचं नको (डिझेल), पावसाळ्यात तर कुठलंच नको कारण नद्यांचं गोडं पाणी मिसळून खारटपणा उतरलेला असतो. दिवाळीनंतर, भरतीच्या वेळी, मोकळ्या खडकाळ किनाऱ्यावरून भरा, दुहेरी सुती कापडातून गाळा, काळोखात आठवडाभर झाकून ठेवा, मग वरचं निवळ पाणी घ्या. आणि ते पण मोजा.

लाइट, पंप, तापमान

लाइटला २० ते ३० वॉटचा पांढरा एलईडी फ्लडलाइट, ६५०० केल्विनचा, इलेक्ट्रिकच्या दुकानातून. अ‍ॅक्वेरियमचा शिक्का असलेला तेवढ्याच ताकदीचा लाइट कितीतरी महाग पडतो. पाण्यापासून फूटभर वर लावा, सुरुवातीला ८ तास, दोन-तीन आठवड्यांनी १०-१२ तास. टायमर सॉकेट घ्या, हाताने चालू-बंद करणार म्हणाल तर चौथ्या दिवशी विसराल.

प्रवाहासाठी ताशी ४०० ते ८०० लिटरचा छोटा वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप). फिल्टर नको. एअर स्टोनचे बारीक बुडबुडेही नको, ते फुटताना खाऱ्या तुषारांनी आजूबाजूचं सगळं पांढरं होतं. लोडशेडिंग असलेल्या गावात बॅटरीवरचा एअर पंप जवळ ठेवा, नळी स्टोनशिवाय मोकळी सोडायची.

तापमान २४ ते २८. मुंबई-कोकणात हीटर लागत नाही, पुणे-नाशिक-नागपूरच्या थंडीत ५० वॉटचा लागेल. उन्हाळ्यात पाण्यावर छोटा फॅन मारला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, पण ते कोरड्या हवेचं गणित आहे, मुंबईच्या दमट हवेत तेवढं उतरत नाही, तिथे दुपारी लाइट बंद आणि संध्याकाळपासून रात्रीपर्यंत चालू असा टायमर लावा.

शेवाळ आणायचं कुठून

सगळ्यात स्वस्त मार्ग, मरीन टाकीवाला शोधा. ज्यांच्याकडे मोठ्या टाक्या असतात ते सम्पमध्ये (मुख्य टाकीच्या खाली जोडलेल्या टाकीत) चीटो किंवा कॉलर्पा वाढवतात आणि दर महिन्याला मूठमूठ काढून फेकून देतात. क्रॉफर्ड मार्केटसारख्या ठिकाणी मरीन मासे विकणाऱ्या दुकानदाराला "सम्पमधलं चीटो द्या थोडं" असं विचारून बघा, पुष्कळदा नाममात्र पैशात देतात.

दुसरा मार्ग किनारा. कोकणात शेवाळ पावसाळ्यानंतर वाढतं, दिवाळी ते मार्च-एप्रिल हा हंगाम. उधाणाची ओहोटी पकडायची, भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास, भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हा) खडक नीट उघडे पडत नाहीत. वेळेचा कोकणातला जुना हिशोब: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती सव्वाअकराला आणि ओहोटी पहाटे-संध्याकाळी सव्वापाचला, एक अंधारात आणि दुसरी अंधार पडायच्या बेतात. म्हणून मी म्हणेन द्वितीया-तृतीयेला जा, तृतीयेची भरती सव्वादोनला म्हणजे ओहोटी सकाळी सव्वाआठच्या सुमारास, उधाणाचा जोर अजून असतो आणि उजेडही. तासभर आधी पोचा आणि पाणी फिरलं की निघा. एकटे जाऊ नका, गावातल्या कोणाला तरी विचारून जा, आणि चप्पल नाही, ग्रिपवाले बूट.

घ्यायचं मूठभरच. शेवाळाला झाडासारखी मुळं नसतात, दगडाला चिकटणारा पाया असतो, तो उपटला की संपलं, म्हणून सुट्या छोट्या दगडावर वाढलेला झुपका दगडासकट घ्या. मालवणच्या सागरी अभयारण्यातून काहीही उचलायचं नाही, ते १९८७ पासून संरक्षित आहे. स्पंज, प्रवाळ, समुद्रकाकडी, समुद्रघोडा यांना तर कुठेच हात लावू नका. सरगॅसम, ते तपकिरी, हवेच्या फुग्यांचं, दिसायला आकर्षक असतं पण छोट्या टाकीत सडतं, तिथेच राहू द्या.

आणताना पाण्यात बुडवून आणायची गरज नाही, समुद्राच्या पाण्यात भिजवलेल्या कापडात गुंडाळून थर्माकोलच्या डब्यात ठेवा, चार-सहा तास आरामात टिकतं. घरी बादलीत खारं पाणी घेऊन त्यात एकेक झुपका चांगला हलवा आणि तळाशी काय पडलं ते टॉर्चने बघा. खेकड्याची पिल्लं, हिरव्या छोट्या गोगलगायी (या कॉलर्पाच शोषून खातात) बाहेर. उड्या मारणारे कोलंबीसारखे बारीक किडे दिसले तर त्यांना राहू द्या, ते कचरा खातात.

लावणं

कॉलर्पाचा धावता देठ दगडाच्या फटीत दाबा, आठवड्यात स्वतःच पकड घेते. ग्रॅसिलारिया दगडाला सुती दोऱ्याने बांधा किंवा फेविक्विकच्या थेंबाने चिकटवा, पाण्यात चालतं. चीटो नुसता सोडा, प्रवाहात लोळत राहिला तर खूश असतो, एका कोपऱ्यात अडकून दाबला गेला तर आतून पांढरा पडतो.

टाकी भरल्या दिवसापासूनच शेवाळ घालता येतं, माशांच्या टाकीसारखं महिनाभर थांबायला नको, कारण अमोनिया ते स्वतःच शोषतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काचेवर तपकिरी थर येईल, घाबरून पाणी बदलत बसू नका, तो जातो. प्राणी मात्र महिन्यानंतरच.

खत

हो, खत घालायचं. मरीनवाले ऐकून हसतात, पण मासे नसलेल्या टाकीत नायट्रेट दहा दिवसांत शून्यावर येतं आणि मग शेवाळ वितळायला लागतं. बाटलीबंद महागडं खत घेऊ नका. कृषी सेवा केंद्रात जा आणि १३:००:४५ आणि ००:५२:३४ मागा. पहिलं पोटॅशियम नायट्रेट, दुसरं मोनो पोटॅशियम फॉस्फेट, द्राक्ष-डाळिंबवाले हेच ड्रिपमधून सोडतात. किलोचं पाकीट तुम्हाला जन्मभर पुरेल, ओळखीच्या शेतकऱ्याकडून वाटीभर आणलं तरी झालं. १९:१९:१९ चुकूनही नको, त्यात अमोनिया आणि युरिया असतो.

१० ग्रॅम १३:००:४५ अर्ध्या लिटर आरओ पाण्यात. ३५ लिटरच्या टाकीत याचे ३ मिली म्हणजे नायट्रेट साधारण १ पीपीएमने (लिटरमागे १ मिलिग्रॅमने) वाढतं. दुसऱ्या बाटलीत १ ग्रॅम ००:५२:३४ अर्ध्या लिटरमध्ये, त्याचा १ मिली म्हणजे फॉस्फेट ०.०४ पीपीएम. मापायला सुई काढलेली सिरिंज. सुरुवात आठवड्यातून दोनदा ३ मिली आणि १ मिली अशी करा, नायट्रेट ५ ते १० च्या मध्ये राहिलं पाहिजे, नायट्रेटची टेस्ट किट एवढी एक घ्या. लोह हवं असेल तर चिलेटेड फेरस १२ टक्केवालं, १ ग्रॅम अर्ध्या लिटरमध्ये, आठवड्याला १ मिली. मिश्र मायक्रोन्यूट्रिएंटची ग्रेड-२ घेऊ नका, त्यात तांबं असतं.

किट रोज लावत बसायची गरज नाही, शेवाळ स्वतः सांगतं. लाल ग्रॅसिलारिया गवती पिवळी पडायला लागली की नायट्रोजन कमी पडलंय, कारण तिचा लाल रंग प्रथिनाचा असतो आणि उपाशी राहिली की ती तोच मोडून खाते. खत दिलं की दोन आठवड्यांत रंग परततो. कॉलर्पा फिकट पोपटी झाली तर आधी लोह बघा. काचेवर केसांसारखं हिरवं वाढायला लागलं तर खत आणि लाइट दोन्ही थोडं कमी करा.

वाढ जोरात असेल तर पाण्याची अल्कलिनिटी (आम्ल झेलायची ताकद) उतरते. ७ ते १० डीकेएच (ती मोजायचे अंश) ठेवायची, कमी झाली तर खायचा सोडा (बेकिंग पावडर नव्हे), पाव टीस्पून वाटीभर पाण्यात विरघळवून हळू ओता, एवढ्याने ३५ लिटरला साधारण १ अंश चढतो. एका दिवशी याहून जास्त नाही.

रोजचं, आठवड्याचं

रोजचं काम एकच, उडालेलं पाणी भरणं, आणि ते गोड्या पाण्याने. पाणी उडतं, मीठ मागे राहतं, नवखे हमखास इथेच खारं पाणी ओततात आणि महिन्यात टाकी लोणच्याच्या बरणीएवढी खारट होते. काचेवर टेपची रेघ मारा, पाणी रेघेखाली गेलं की आरओ पाणी रेघेपर्यंत.

आठवड्याला तीन-चार लिटर खारं पाणी बदला. वाढलेलं शेवाळ काढा. कॉलर्पा कात्रीने मधे कापू नका, तिचा सगळा पसारा म्हणजे एकच पेशी असते, जागोजागी कापली की गळायला लागते, धावता देठ एका टोकापासून उचलून आख्खा काढा. अधूनमधून कॉलर्पा अचानक पारदर्शक-पांढरट होऊन सगळं बीज पाण्यात सोडते, सकाळी उठून बघावं तर टाकीत हिरवट दूध. असं झालं तर पांढरी झालेली सगळी काढा, निम्मं पाणी बदला, हवा सोडा. नियमित छाटणी, खतात खंड न पडणं, यांनी हे बरंच टळतं. ज्यांना ही कटकट नको त्यांनी चीटो आणि ग्रॅसिलारियावरच भागवावं, माझ्या मते नवख्यांनी तेच करावं.

काढलेलं शेवाळ नाल्यात, खाडीत, समुद्रात टाकायचं नाही, "समुद्राचंच आहे की" म्हणूनसुद्धा नाही. १९८४ मध्ये मोनॅकोच्या समुद्र संग्रहालयासमोर भूमध्य समुद्रात टॅक्सिफोलिया जातीच्या कॉलर्पाचा छोटा ताटवा सापडला, अ‍ॅक्वेरियममध्ये वाढवलेला वाण, आणि पुढे तो हजारो हेक्टरवर पसरला. २००० मध्ये तीच जात कॅलिफोर्नियात निघाली, तिथे ताडपत्रीखाली क्लोरीन सोडून मारावी लागली आणि ती पूर्ण गेली असं जाहीर व्हायला २००६ उजाडलं. आपल्याकडे तमिळनाडूत शेतीसाठी आणलेलं कप्पाफायकस नावाचं शेवाळ मन्नारच्या आखातात कुरुसडई बेटाजवळच्या प्रवाळांवर चढलं. म्हणून उन्हात कडक वाळवा, गोड्या पाण्याने दोनदा धुवून मीठ घालवा आणि मग कंपोस्टमध्ये.

प्राणी ठेवायचेच असतील तर

एखाद-दुसरी गोगलगाय, छोटा शंखातला खेकडा. मासा हवाच असेल तर क्लाउनफिशच्या मागे लागू नका, साधी ब्लॅक मॉली आणा. मॉली खाऱ्या पाण्यात मजेत जगते आणि केसाळ हिरवं शेवाळ चरते, फक्त तिला सवय करायला वेळ द्या: बादलीत दुकानातलंच पाणी, त्यात एअरलाइनच्या नळीला गाठ मारून टाकीचं पाणी थेंबथेंब, खारटपणा दोन दिवसांत हळूहळू चढवायचा. दोन मॉली पुरे. त्यांच्या शिटातून खत मिळतं, म्हणजे १३:००:४५ अर्ध्यावर आणा.

खर्च

गावागावात भाव वेगळे, पण टाकी, मीठ, फ्लडलाइट, वेव्हमेकर, टायमर, हायड्रोमीटर आणि नायट्रेट किट धरून चार-पाच हजारांत बसवता येतं, रिफ्रॅक्टोमीटर घेतला तर हजारभर वर. जुनी टाकी असेल तर तेवढं कमी.

गणपतीला गावी जाताना आठ-दहा दिवस टाकी एकटी राहू शकते. निघायच्या आदल्या दिवशी छाटणी आणि पाणी बदल, लाइट ६ तासांवर, फॅन बंद, वर काचेचा तुकडा थोडी फट ठेवून, आणि खत अजिबात नाही. शेजारच्या काकूंना चावी देणार असाल तर त्यांच्याकडे फक्त आरओ पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवा, एक दिवसाआड एक. मिठाची बादली, खताच्या बाटल्या आणि माशांच्या खाण्याचा डबा कपाटात बंद करून जा, कारण "उपाशी असतील बिचारे" म्हणून मूठभर खाणं पडलं तर मॉली वाचणार नाहीत.